पोटातली प्रजा

समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघून बोलणारा गृहस्थ उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. हिंगोलीच्या मुन्सफ कोर्टात ते वकिली करत. मीही लग्न होऊन हिंगोलीतच, त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका शाळामास्तरांच्या घरी पडले, त्यामुळे दाजी मला सणावारापुरते नव्हे तर बारमाही भोगायला मिळाले. मेहुणीनं दाजींची टिंगल करावी हा आपल्याकडे रिवाजच आहे. इतर मेहुण्यांना त्यासाठी निमित्त शोधावं लागतं. दाजींनी मला ती तकलीफ कधी होऊ दिली नाही.

हे वेड त्यांना हैदराबादेत लागलं. वकिलीच्या परीक्षेसाठी ते तिथं राहात असताना खानावळीच्या जेवणानं त्यांना आव झाली आणि ते एका तरुण डॉक्टरकडे गेले. डॉक्टर परदेशातून शिकून नुकताच आलेला. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि रोगी नव्हते. त्यानं दाजींचाच नमुना काचेवर घेऊन दाजींनाच दाखवला. दुसरा कोणी असता तर ओकला असता. दाजी डोळा लावून बसले ते उठेनात. आपल्या आत एवढी मोठी वस्ती आहे, ती वळवळते आहे, आणि आपल्याला न विचारता तिचा सगळा कारभार बिनबोभाट चालला आहे, हे पाहून ते इतके भारावले की परीक्षा कशीबशी उरकून हिंगोलीला परतले. साधुसंतांनी आत डोकावलं की त्यांना ईश्वर दिसतो. आमच्या दाजींना काय दिसलं ते सांगितलंच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते मला गंभीरपणे म्हणाले, "मेहुणीबाई, आपल्या पोटात प्रजा हाय, प्रजा!" मला वाटलं, अक्काला दिवस गेले. मी आनंदानं अक्काकडे पाहिलं, तर अक्कानं कपाळाला हात लावला.

तेव्हापासून 'बरं आहे ना?' हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. भेटेल त्याला ते 'साफ झालं का?' असं विचारत. रस्त्यात विचारत, देवळात विचारत, मुन्सफसाहेबांनाही विचारत. लग्नाच्या मांडवात नवरदेवाला त्यांनी हा प्रश्न केला तेव्हा अंतरपाट धरलेला होता. एकदा शेजारच्या गल्लीत ते समाचाराला गेले. घरातला कर्ता माणूस गेला होता, बायका रडत होत्या. दाजींनी मोठ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "शेवटचं कधी झालं होतं?" मुलाला वाटलं, बोलणं कधी झालं होतं. तो हुंदके देत सांगू लागला, "काल सकाळी, काका. माझ्याशीच शेवटचं..." दाजी दचकून म्हणाले, "तुझ्याशी?" पुढचं अक्कानं होऊ दिलं नाही. तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना सरळ घरी आणलं.

गावातल्या लोकांची अडचण अशी की त्यांना जंत ठाऊक होते, जंतू ठाऊक नव्हते. दाजी जंतूंवर बोलू लागले की लोक म्हणत, "मग वावडिंग घ्या की." दाजींचा संताप व्हायचा. आपली प्रजा म्हणजे जंत न्हवे, ती डोळ्याला दिसत नाही, तिच्यात भले असतात तसे बुरेही असतात, असं ते चौकात उभं राहून समजावत. ऐकणारा मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "तरी पण वावडिंग घ्याच, वकीलसाहेब."

वकिलीतही त्यांनी पोट सोडलं नाही. भावाभावांतले सगळे तंटे आतड्यात जन्म घेतात, असा त्यांचा सिद्धांत होता. हट्टा गावचा एक शेतकरी बांधाच्या भांडणाचा मुकदमा घेऊन त्यांच्याकडे आला. दाजींनी त्याला सतरंजीवर बसवलं, कागद बाजूला सारले आणि दोघा भावांच्या पोटाची चौकशी मांडली. खाणं काय, पाणी कुठल्या विहिरीचं, सकाळी जाता तेव्हा वेळ लागतो का. शेतकरी बिचारा पहिल्यांदा उत्तरं देत होता. शेवटी तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, माझं पोट बराबर हाय वो. बांध बराबर न्हाई." तो गेला तो समोरच्या वकिलाकडे. प्रत्यक्ष कोर्टात तर दाजींनी एका साक्षीदाराला उलटतपासणीत त्याच्या रात्रीच्या जेवणाबद्दल इतकं खोदून विचारलं की मुन्सफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "वकीलसाब," ते म्हणाले, "ये मुकदमा ज़मीन का है या पेट का?" दाजी वाकून म्हणाले, "हुजूर, पेट के बग़ैर ज़मीन किसको होना?" कोर्ट हसलं. मुकदमा मात्र गेला.

घरात त्यांच्या संशोधनाचा जो पाठपुरावा चालायचा त्याची तर तऱ्हाच वेगळी. दाजींना मुंबईहून एक इंग्रजी मासिक यायचं. पोस्टमन ते घेऊन आला की अक्का चुलीवरचं भांडं खाली उतरवून बसायची, कारण अंकात काय छापून आलंय त्यावर तिचा स्वयंपाक ठरायचा. पहिली काही वर्षं मोठं आतडं ही मोरी आहे आणि तिथं अन्न कुजून त्याचं विष अंगभर पसरतं, असं विलायतेतल्या विद्वानांचं मत होतं. तेव्हा दर रविवारी घरातल्या सगळ्यांना एरंडेल. पाहुण्यांनाही एरंडेल. त्या घरी रविवारी पाहुणा यायचा बंद झाला, आणि जे शनिवारी आलेले असत ते अंधार पडायच्या आत गाडी जोडत. मग एका अंकात आलं की मोरी धुऊन उपयोग नाही, मोरीत भली वस्ती वसवली पाहिजे, आणि ती वस्ती दह्यात असते. लगेच म्हैस आली. दह्यातली भाकरी, दह्यातली आमटी, पक्षकाराला चहाऐवजी दही. ऐन थंडीत अक्काच्या नाकाला धार लागलेली, आणि समोर वाटी. "खा," दाजी म्हणत. "बल्गेरियात दही खाऊन लोक शंभरी गाठतात." अक्का शिंकत म्हणे, "त्यांना दुसरं काही काम नसंल."

हे दोनएक वर्षं चाललं, आणि मग मासिकानं दह्यालाच दगा दिला. दह्यातले जंतू म्हणे पोटातल्या आंबटातच मरून जातात, आतड्यापर्यंत त्यांच्यातलं कोणी जिवंत पोचत नाही. तिथं टिकायचं तर मूळचा आतड्याचाच रहिवासी असलेला दुसऱ्या जातीचा जंतू पाहिजे. दाजींनी दुसऱ्या दिवशी म्हैस विकायला काढली. अक्का प्रथमच चिडली.

"मागच्या सालीच तुमी म्हणले होते, दही म्हणजे अमृत. आता काहून न्हाई?"

"शास्त्र पुढं गेलं."

"जाऊ द्या त्याला. आपण इथंच राहू. म्हैस चांगली हाय."

शास्त्र चुकलं असं दाजी कधीच म्हणाले नाहीत. त्यांच्या मते शास्त्र नेहमी पुढे जात असतं. चुकतात ती माणसं, आणि ती बहुतेक त्यांच्याच स्वयंपाकघरात असत. म्हैस अक्कानं विकू दिली नाही हा भाग वेगळा. नव्या जंतूची कुपी मुंबईहून मागवली गेली. ती रेल्वेनं भर उन्हाळ्यात आली. निजामी राज्याच्या सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी ती अडवली, उघडली, हुंगली, दारू नसल्याची खात्री पटल्यावर निराश होऊन परत बंद केली. दाजींनी त्या कुपीतलं विरजण उकळून निवलेल्या दुधात घातलं आणि ते पातेलं देवघरात, कारण घरात तीच जागा सारखी उबदार, देवांच्या शेजारी ठेवलं. त्या दुधाला असा काही वास सुटला की संध्याकाळच्या आरतीला अक्का पदर नाकाला लावून उभी राहायची. रोज सकाळी दाजी आपला पेला पिऊन कोर्टात जात, आणि अक्का आपला पेला मांजराला घाली. मांजराची प्रकृती त्या उन्हाळ्यात फार सुधारली. हे कळल्यावर दाजी रागावले नाहीत. ते दोन दिवस मांजराच्या मागे नमुना मिळवायला हिंडले.

नमुन्यांवरून डोंगरकडा गावची गोष्ट सांगायलाच हवी. हैदराबादच्या त्या डॉक्टरनं त्यांना कळवलं होतं की रोगी माणसाच्या आतड्यातलं सगळेच पाहतात, ज्याला कधी रोग झाला नाही अशाचं कोणी पाहात नाही. दाजींना तेवढं पुरलं. डोंगरकड्याला एक म्हातारा शेतकरी होता, पणतवंडं खेळवणारा, दात शाबूत, अजून औत धरणारा, आणि वैद्य कसा असतो हेच न पाहिलेला. दाजी बैलगाडीनं त्याच्याकडे गेले. बरोबर मलमाची घासून-पुसून धुतलेली पत्र्याची डबी. म्हाताऱ्यानं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला आणि येण्याचं कारण विचारलं. दाजींनी ते स्पष्ट सांगितलं. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतं म्हणून असं ऐकू आलं. त्यानं सुनेला बोलावलं. सुनेनं दाजींना पुन्हा सांगायला लावलं, आणि मग तिनं जी किंकाळी फोडली ती अर्ध्या गावानं ऐकली. "भानामती करायला आलाय! मामंजींचं मागून राहिला मेला!"

गाव जमलं. आमच्या भागात भानामतीसाठी कोणाचे केस नेतात, नखं नेतात, हे सगळ्यांना माहीत. पण वकिलानं येऊन हे मागावं, म्हणजे करणी किती जबर असेल! दाजींनी समजूत घालायचा प्रयत्न केला. त्यांनी प्रजा काढली, मोठं आतडं काढलं, विलायत काढली. जितकं बोलले तितकं प्रकरण वाढत गेलं. शेवटी म्हाताराच मध्ये पडला. "जाऊ द्या रे त्याला," तो म्हणाला, "येडं हाय, पर बामनाचं हाय. मारलं तर पाप लागंल." गावानं मारलं नाही, पण वारंगा फाट्यापर्यंत गाडीमागे धावत जाऊन त्यांना वाटेला लावलं. डबी रिकामीच परत आली. घरी आल्यावर दाजी एवढंच बोलले, "म्हातारा काय पळतो! सगळ्यांच्या पुढं होता."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात नव्या गोळ्या निघाल्या. पोटातले जंतू मारणाऱ्या. सगळीकडे त्यांचा गाजावाजा झाला आणि दाजी सुतक असल्यासारखे बसले. मग मासिकात आलं की अशा गोळ्या खाऊ घातलेले उंदीर अन्न मिळूनही खंगत गेले, कारण पोटातले जंतू त्यांच्यासाठी काही पोषक द्रव्यं तयार करत होते आणि ते जंतूच मेले होते. दाजी तो अंक घेऊन माझ्या घरी धावत आले. "मेहुणीबाई, प्रजा नुसती राहात न्हाई, कर भरते!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसापासून गोळ्यांविरुद्ध त्यांनी मोहीमच उघडली. कोणाच्या घरी ती गोळी आल्याचं कळलं की हे दारात हजर. "गोळीला चोर कोण अन् साव कोण कळत न्हाई," ते सांगत. "एका बदमाषासाठी हजारो निरपराध मारणार का?" लोक 'नाही नाही' म्हणत आणि ते वळले की गोळी गिळत. माझे यजमान म्हणायचे, तुझ्या दाजींना माणसांपेक्षा जंतूंची कणव जास्त. मलाही तेव्हा तसंच वाटे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, निजामी राज्याच्या शेवटच्या दंग्याधोप्यात, हिंगोलीत राहणं कठीण झालं. ज्यांना जमलं ते सरहद्द ओलांडून वाशीम-पुसदकडे सोयऱ्यांकडे गेले. गल्ल्या ओस पडल्या. आम्ही राहिलो, कारण ह्यांची शाळा चालू होती. दाजी राहिले, कारण कोर्टाचं दार उघडं होतं आणि ते उघडं असेतो आपण तिथं असावं असं त्यांना वाटे. त्यातच अक्काला रक्ती आव लागली. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखत होती, पण नाव घ्यायची ताकद उरली नव्हती.

गावातले डॉक्टर निघून गेले होते. एक म्हातारे मुसलमान डॉक्टर तेवढे राहिले होते, ज्यांना आम्ही डॉक्टरसाब म्हणायचो. ते काठी टेकत आले, नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि पिशवीतून पुडी काढून पाटावर ठेवली. दाजींची मतं त्यांना चांगली माहीत होती. "वकीलसाब," ते म्हणाले, "बहस बाद में करेंगे. ये गोलियाँ देना है. दूसरा इलाज नहीं."

मी पदर खोचला. दाजींनी नाही म्हटलं तर त्यांना खोलीबाहेर काढायचं आणि आपण गोळी द्यायची, असं मी ठरवलं होतं. दाजींनी पुडी उचलली, सोडली, गोळी तळहातावर घेऊन पाहिली. मग अक्काच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि तिच्या जिभेवर ती ठेवली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दाजी, अन् ते निरपराध?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भांड्यातलं पाणी अक्काच्या ओठाला लावत ते म्हणाले, "मरू द्या. सगळे मरू द्या. ही राहू दे."

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. मैला न्यायला येणारी बाई तिच्या माणसांबरोबर कधीच गाव सोडून गेली होती. ती होती तोवर आमच्या सगळ्यांची सोवळी शाबूत होती. आता एकेका घरात कळू लागलं की आपला संसार कोणाच्या डोक्यावर चालला होता. अक्काचं दिवसातून कितीदा करावं लागे त्याला सुमार नव्हता. मी हात पुढे केला तर दाजींनी मला उंबऱ्याशी थांबवलं. "तुझ्या घरी लेकरं हायत. तू हात लावू नको. पेज तेवढी करून दे." भांडं ते स्वतः उचलत, मागच्या परसात खड्डा घेऊन पुरत, चुन्यानं हात धूत. अक्काला ते पुसून काढत, कूस बदलून देत, तिची लुगडी विहिरीवर नेऊन भर सकाळी, सगळ्यांच्या देखत धूत. त्यात नाक मुरडणं नव्हतं, आणि आपण काही मोठं करतो आहोत असा भावही नव्हता. भांडं नेण्याआधी ते उजेडाशी धरून पाहात आणि आत येऊन अक्काला सांगत, "आज रक्त कमी हाय बरं का. उद्या याहून कमी होईल." अक्का लाजेनं डोळे मिटून घ्यायची. ते म्हणत, "मिटू नको. चांगली खबर हाय."

गल्लीतल्या एका वयोवृद्ध वकिलांना हे पाहवलं नाही. ते आले, ओसरीवरच बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "अहो, एखादं बाईमाणूस बघा. चार लोकांत आपली इज्जत हाय. पुरुषानं विहिरीवर बायकोची लुगडी..." दाजी हात पुसत बाहेर आले. "साहेब," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांचं मागत फिरलो, तवा कोणी दिलं न्हाई. आता घरचं पाहायला मिळून राहिलं तर तुमी इज्जत काढता?" वृद्ध वकील उठून गेले. मी आत पेजेचं पातेलं धरून उभी होते. मला हसू आलं, आणि ते ओठांपर्यंत येऊन तिथंच थांबलं.

अक्का वाचली. पावसाळा सरता सरता ती भिंतीला धरून चालू लागली, आणि तिनं पहिल्यांदा मागितलं ते ताक. दाजी ताबडतोब पूर्वपदावर आले. गोळ्यांनी आत शुकशुकाट झाला असेल, नव्यानं वस्ती वसवावी लागेल, कुठल्या म्हशीचं दही लावावं, यावर त्यांनी डॉक्टरसाबांशी ती राहिलेली बहस सुरू केली. डॉक्टरसाब रोज संध्याकाळी येत आणि रोज हरत.

राज्य बदललं, गेलेली माणसं परत आली, आणि दिवाळीच्या आधी आम्ही गल्लीतल्या बायका एका घरी करंज्या करायला बसलो. सरहद्दीपलीकडून परतलेल्या एकीनं विषय काढला. "का वो, तुमचे दाजी म्हणे विहिरीवर लुगडी धूत होते?" बायका खो खो हसल्या. एकीनं दाजींची नक्कल केली, उजेडाशी भांडं धरल्याची. मीही हसले; नक्कल चांगली होती. त्या वृद्ध वकिलांच्या पत्नी तिथंच पारी लाटत होत्या. त्या कधी फारशा बोलत नसत. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला शेवटच्या बाळंतपणात अशीच आव लागली होती. ह्यांनी रोज दाराशी येऊन विचारायचं, बरं हाय का? मी म्हणायची, बरं हाय. मग ते कोर्टात जायचे. उंबरा न्हाई ओलांडला."

कढईतल्या करंज्या जरा जास्त तांबूस झाल्या, तेव्हा कोणीतरी झारा हाती घेतला.

मी घरी आले तेव्हा हे ओसरीवर मुलांना गणित घालत होते. माझे यजमान भला माणूस. ते मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. "उशीर झाला?" त्यांनी विचारलं. मी करंज्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. एक गोष्ट विचारायची होती, उंबरा ओलांडण्याबद्दल. ह्यांनी वर पाहिलं, हसले, एक करंजी उचलली. मग मी काही न विचारता आत गेले आणि दिवा लावला.